लाईट रात्रीची, इन्सुलिन संध्याकाळचं

आजची नोंद पिकाची नाही, पिकाला पाणी देणाऱ्याची आहे. तुमच्यापैकी कोणी इन्सुलिनवर असेल, नाहीतर घरात एखादं माणूस असेलच. त्यांच्यासाठी लिहितोय.

मला इन्सुलिन चालू होऊन ९ वर्षं झाली. सकाळी न्याहारीआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, मिक्स इन्सुलिन. साखर वाढली की डोळे, किडनी, पाय जातात हे गावात सगळ्यांना पाठ आहे. साखर कमी झाली तर काय, हे फारसं कोणी बोलत नाही. पण रानात माणसाला उभ्याचं आडवं करते ती कमी झालेली साखरच.

कारण साधं आहे. डॉक्टर डोस ठरवतात तो रोजचं जेवण आणि रोजचे कष्ट धरून. नोकरदाराचा दिवस सारखा असतो, आपला नसतो. चार दिवस बांधावर बसून, पाचव्या दिवशी दिवसभर कांदा लागण. राबणारे स्नायू रक्तातली साखर ओढतात, आणि काम थांबल्यावरही पुढे कितीतरी तास, कधी २४ तासांपर्यंत ओढतच राहतात. म्हणजे इन्सुलिन घेणाऱ्याला कष्ट हा पण एक डोसच आहे. तो कागदावर लिहिलेला नसतो एवढंच.

त्यात रात्रीची लाईट. मिक्स इन्सुलिनमधला लांबचा भाग घेतल्यापासून साधारण ४ ते १० तासांत जोरात असतो. संध्याकाळी ८ ला घेतलं तर मध्यरात्र ते पहाट. आपण नेमके त्याच वेळी दारं धरायला उभे.

मागच्या पौषात कांद्याला पाणी चालू होतं. डोस रोजचा, जेवण रोजचं. अडीचच्या सुमाराला शेजारच्या रानातून अण्णा ओरडले, "अरे, पाणी बांधावरून चाललंय, नुसतं बघतोस काय?" ऐकू येत होतं, पण दारं मोडायचं म्हणजे काय करायचं तेच सुचेना. अण्णांनी येऊन बॅटरी मारली, तर एवढ्या थंडीत माझी बंडी घामानं ओली. त्यांना माझं दुखणं माहीत होतं. त्यांनीच खिशातली ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून दिली. मशीनवर आकडा आला ५२. विहीर तिथून वीस पावलांवर होती. त्या वीस पावलांसाठी ही नोंद.

ओळखायचं कसं? हातपाय थरथरणं, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, शब्द अडखळणं, नजर हरवल्यासारखी. ७० च्या खाली गेली की कमी, ५४ च्या खाली गेली की धोक्याची. मशीन जवळ नसेल तर आकड्याची वाट बघू नका, आधी साखर घ्या. उन्हाळ्यात घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून घामावर भरवसा नको. जुन्या दुखण्यात तर ही लक्षणं जाणवेनाशी होतात. मग सोबतच्या माणसालाच आधी कळतं. लोक म्हणतात "चढलीय याला". फवारणी चालू असली तर औषधाची बाधा वाटते, कारण घाम आणि थरथर त्यातही असते. दवाखान्यात न्यायचंच, पण इन्सुलिनवरचा माणूस असेल तर बोटातून साखरही तपासा.

करायचं काय? हातातलं काम तिथंच सोडून खाली बसायचं. ३ ते ४ छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, नाहीतर अर्धा कप गोड सरबत. १५ मिनिटांनी परत तपासायचं. ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर भाकरी, केळं असं काहीतरी पोटात. पेढा, चॉकलेट, शेंगदाण्याची चिक्की यावेळी कामाची नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असणाऱ्यांनी साधी साखर नको, ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. साखर नाही, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, आणि "इन्सुलिन घेणारा पेशंट आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

आता माझी घडी अशी आहे. लाईटचं वेळापत्रक जसं मोटारीजवळ, तसंच ते डॉक्टरांच्या फाईललाही लावलंय. रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळचा डोस किती, हे त्यांनीच लिहून दिलंय. मनानं कमी-जास्त करत नाही. स्टार्टर दाबायच्या आधी साखर तपासतो. १०० च्या खाली असली की आधी खातो, मग जातो. हा माझा आकडा, तुमचा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. चिखलात चालायचं असलं की सुई मांडीत नाही, पोटावर. राबणाऱ्या पायातून इन्सुलिन लवकर भिनतं. ग्लुकोजची पुडी बंडीच्या खिशात, दुसरी मोटारीच्या पेटीजवळ. आणि दर तासाला घरून एक फोन. मी नीट बोललो नाही तर पोरगा गाडी काढतो.

शेवटी मापाचं. आपण औषध मिलीत मोजणारी माणसं, तेव्हा हे लगेच कळेल. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं, १ मिलीत ४० युनिट आणि १ मिलीत १०० युनिट. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं २० खुणांपर्यंत ओढलं तर अंगात ५० युनिट जातात, म्हणजे अडीच पट. दुकानातून आणलं की बाटली आणि टोपण दोन्ही उजेडात बघून घ्या.

माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका, असं आपण एकमेकांना सांगतो. रात्री पाण्यावर जाताना आपलं बोटही तसंच तपासा. बांधाला बांध असलेल्या माणसाला आपलं दुखणं सांगून ठेवा, त्यात लाज कसली. वाफा फुटला तर सकाळी बांधता येतो.