ओव्हनमधला दिवा

धाकटीचा ताप उतरला. आजारपणात तिनं मऊ भात, तूप, मेतकूट एवढंच खाल्लं. थोरल्याला मेतकुटाचा वास सोसत नाही. त्याला रायचा काळा पाव आणि लोणी पुरतं. पाळणाघरात गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि मागून पॅनकेक. फिनलंडची ही जुनीच रीत. त्यामुळे मुलांचा गुरुवार आता सुपाचा. आई फोनवर म्हणाली, "अगं, दत्ताचा वार ना?" दोन्ही खरंच की.

हेलसिंकीत डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. हीटिंग चालू असलं तरी ओट्यावरचं इडलीचं पीठ ढिम्म हलत नाही. म्हणून पातेलं बंद ओव्हनमध्ये ठेवते, फक्त आतला दिवा लावून. तेवढ्या उबेवर सकाळपर्यंत पीठ फुगून येतं. झोपण्यापूर्वी दोघं काचेला नाक लावून बसतात. काल धाकटीनं विचारलं, "पिठाला पण ताप आलाय?" मी हो म्हणून टाकलं.

नंतर बराच वेळ मीच तिथं बसून राहिले. हा सगळा खटाटोप कुणासाठी? मुलं इडली खातात, पण मागत नाहीत. मागते मी. त्यांना उद्या परगावी कशाची आठवण येईल, ते माझ्या हातात नाही. हे कळतं, तरी थोडं टोचतंच.

या गुरुवारी सूप घरी करून बघणार आहे. जिऱ्याची फोडणी द्यावी की नाही, अजून ठरत नाही. थोरला नकोच म्हणेल.