रिकर्शन राहू द्या

कोड रिव्ह्यूत सिंटॅक्स ट्रीवर फिरणारं रिकर्सिव्ह फंक्शन दिसलं की माझा शेरा ठरलेला असायचा: ‘लूप लाव, स्टॅक स्वतःचा ठेव.’ टीममधली पोरं वैतागायची, पण ऐकायची. हल्ली कुणी हौसेने तसा स्टॅक लावून आणला, तर मीच ‘कशाला?’ म्हणून विचारतो.

जुन्या हट्टाला कारण होतं. पायथनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात 1000. एएसटी मॉड्यूलमधला नोडव्हिजिटर ट्रीच्या एकेका पातळीला दोन कॉल खातो, एक व्हिजिटचा आणि एक जेनेरिक व्हिजिटचा. म्हणजे 500 च्या आतच खेळ खलास. तेवढी खोली गाठायला फार काही लागत नाही. एखाद्या स्क्रिप्टने तयार केलेल्या फाइलीत 600 स्ट्रिंग अधिकच्या चिन्हाने ओळीने जोडलेल्या असल्या की झालं. डोळ्यांना ती सपाट ओळ दिसते, पण बेरीज डावीकडून बांधली जाते, त्यामुळे पहिली स्ट्रिंग पार तळाला जाऊन बसते. तिथे पोचायच्या आधीच रिकर्शनएरर. मर्यादा वाढवावी, तर 3.11 च्या आधी प्रत्येक कॉल सी-स्टॅकही खायचा; आकडा फुगवला की एरर येण्याऐवजी अख्खा इंटरप्रिटरच कोसळायचा.

मत बदललं ते तो स्टॅकवाला कोड सांभाळताना. नुसते नोड गोळा करायचे तर एएसटी मॉड्यूलमधलं वॉक आहेच, त्यात रिकर्शन नाही. पण फंक्शनमध्ये शिरताना स्कोप उघडायचा आणि निघताना मिटायचा असेल, तर तोच नोड ‘आलो’ आणि ‘निघालो’ अशा खुणांनी दोनदा स्टॅकवर ठेवावा लागतो. चार ओळींचं काम पानभर होतं, आणि स्कोप नक्की कुठे मिटतो ते शोधत बसावं लागतं. एवढं करून बुजतं एकच भोक. त्याच ट्रीवर डीपकॉपी चालवा, तिथेही रिकर्शनच. फार गुंतागुंतीची स्ट्रिंग पार्स करायला दिली तर इंटरप्रिटर कोसळू शकतो, असा इशारा तर पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच आहे.

दुसऱ्यांनी काय केलंय? क्लँग कंसांची खोली 2048 वर अडवतो, पायथनचा टोकनायझर 200 वर, रस्टमधली सर्डे जेसन 128 वर. पहिला आकडा बदलता येतो आणि शेवटची मर्यादा काढून टाकता येते, पण मुळात मर्यादा घालण्यात कुणी कमीपणा मानलेला नाही. हाताने एवढे कंस कोण लिहितो? आणि बाहेरून येणाऱ्या इनपुटला कुंपण हवंच.

तेव्हा व्हिजिटर रिकर्सिव्हच ठेवा. खोली मोजत चला आणि मर्यादा ओलांडली की फाइल व ओळ सांगणारा धड मेसेज द्या. बेरजेच्या लांब साखळीपुरता डावीकडे उतरणारा लूप लिहा. ती खोली लिहिणाऱ्याच्या मनात नसतेच, केवळ व्याकरणामुळे आलेली असते. आणि माझ्या जुन्या शेऱ्यापायी कुणी स्टॅक लावून ठेवला असेल नि तो नीट चालत असेल, तर कृपा करून त्याला आता हात लावू नका.