अभ्रकाचा पदर

गेल्या पावसाळ्यात गोत्रीच्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला मी कविता शिकवीत होते. मागील बाकावरचा एक विद्यार्थी मान खाली घालून कशात तरी दंग झालेला दिसला. मोडक्या इस्त्रीतून काढलेला अभ्रकाचा तुकडा तो नखाने सोलत होता. मी रागावून तो काढून घेतला. “बाई, ह्याचा शेवटचा पदर किती पातळ असेल?” त्याने विचारले. “हा मराठीचा तास आहे,” एवढेच मी म्हणाले. खरे उत्तर मला ठाऊकच नव्हते.

रात्री घरी मीही तो तुकडा सोलू लागले. पदरामागून पदर निघत राहिले. शेवट काही दिसेना. दुसऱ्या दिवशी मी विज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी सांगितले, की अभ्रकाचा मूळ पदर सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे एका मिलिमीटरात असे दहा लक्ष! पदर स्वतः घट्ट, परंतु एकमेकांशी त्यांचे बंधन सैल. म्हणूनच ते सुटतात.

असे पदर मिळविण्याच्या रीती दोन. एक, आमच्या गोव्याच्या बेबिंकेप्रमाणे थरावर थर रचण्याची, दुसरी, सोलण्याची. 2004 साली मँचेस्टर येथे गाइम व नोवोसेलोव ह्यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून कार्बनचा एकपदरी पापुद्रा मिळविला. 2010 साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. आपल्या गांधीनगरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी मॅग्नेशियम डायबोराइडची पूड पाण्यात घालून, कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी तिचे पदर सुटे केले. तो प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला.

एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? एक चौरस सेंटिमीटरचा, मिलिमीटरभर जाड अभ्रकाचा तुकडा पूर्ण सोलता आला, तर दोन्ही बाजू मिळून दोनशे चौरस मीटर पृष्ठभाग उघडा होईल! रासायनिक क्रिया घडते ती पृष्ठभागावरच. शिवाय गुणही पालटतात. यंत्रांत वंगण म्हणून वापरले जाणारे मॉलिब्डेनम डायसल्फाइड एकपदरी होताच कितीतरी अधिक प्रकाश देऊ लागते. त्याच्या एका पदराचा ट्रान्झिस्टर 2011 साली सिद्ध झाला.

तिसऱ्या दिवशी भर वर्गात मी तो तुकडा परत केला, उत्तर सांगितले आणि प्रश्न टाळल्याची चूकही कबूल केली. मुलाने क्षणभर विचार केला. “मग बाई, तो एक पदर डोळ्यांना दिसेल का हो?”

ह्या वेळी मात्र मी म्हणाले, “मला ठाऊक नाही. तास संपला की आपण दोघे सरांकडे जाऊ.”