काकूंच्या डोक्यातलं ऑफिस

एखाद्या संस्थेला देणगी द्यायची वेळ आली की आपल्यातले बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात. "यातले ॲडमिनवर किती जातात हो?" आकडा जितका लहान तितकी संस्था प्रामाणिक, असा आपला सरळ हिशोब. वस्तीत फिरतो तो कार्यकर्ता आणि ऑफिसात बसतो तो खर्च!

गेले काही महिने मी दर दुसऱ्या शनिवारी या 'खर्चा'शेजारी जाऊन बसतोय. शीव कोळीवाड्यात. हार्बर लाईनच्या स्टेशनचं नाव बदलून गुरू तेग बहादूर नगर झालं त्याला जमाना लोटला, पण जुनी मंडळी अजून कोळीवाडाच म्हणतात. तिथून चालत पाच मिनिटांवर एका छोट्या ट्रस्टची खोली आहे. मुलांच्या फिया भरणं आणि एक अभ्यासिका चालवणं, एवढंच काम. दोन गोदरेजची कपाटं, एक कॉम्प्युटर, रुसणारा प्रिंटर, बावीस वर्षं सगळं सांभाळणाऱ्या काकू आणि बी.कॉम. होऊन नुकतीच लागलेली एक मुलगी.

काकू मार्चमध्ये निवृत्त होणार. आणि ट्रस्टचं निम्मं ऑफिस काकूंच्या डोक्यात आहे.

कुठल्या देणगीदाराला पावती वडिलांच्या नावे हवी, बँकेत कुठल्या खिडकीवर काम होतं, ऑडिटरकडे कुठली फाईल पाठवायची, इन्कम टॅक्सच्या साईटचा पासवर्ड काय... सगळं तोंडपाठ. आमच्या धंद्यात याला 'बस फॅक्टर' म्हणतात. किती माणसं अचानक गेली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. इथे तो एक होता.

यात एवढं काय, एक पावतीपुस्तक तर आहे, असं वाटेल. तर थोडी यादी देतो. ट्रस्टी बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. दरवर्षी ऑडिट. २,००० रुपयांवरची रोख देणगी २०१७-१८ पासून ८०जीच्या सवलतीत बसेनाशी झाली. २०२१ मध्ये जुन्या सगळ्या संस्थांना इन्कम टॅक्सची नोंदणी नव्याने करायला लागली. कंपन्यांचा सीएसआरचा पैसा हवा तर त्याची वेगळी नोंदणी, तीही २०२१ पासूनच. आणि २०२१-२२ या वर्षापासून प्रत्येक देणगीदाराचं नाव, पॅन, रक्कम असं विवरणपत्र ३१ मेच्या आत भरायचा नियम आला. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. पॅनमधलं एक अक्षर चुकलं तर देणगीदाराची सवलत अडकते आणि तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. म्हणजे पुढच्या जूनमध्ये कुणाची तरी फी राहते. पावती आणि फी यांच्यातलं अंतर एवढंच आहे.

आणि गंमत बघा, एवढं काम वाढत असताना परदेशी देणग्यांतून प्रशासनावर खर्च करायची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० वर आली. कामं वाढली, माणसांवरचा पैसा आक्रसला. मग उरतं काय? आहेत त्या माणसांना तयार करणं.

हे काही नवीन नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावच्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायका ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. लिज्जतची ही गोष्ट आपण 'जिद्द' या खात्यात टाकून मोकळे होतो. पण पैसे देणाऱ्या छगनलाल पारेखांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. मालाचा दर्जा सोडू नका आणि हिशोब चोख ठेवा. पुढे शाखांच्या संचालिका बाहेरून आणल्या नाहीत, लाटणाऱ्या बहिणींमधूनच तयार झाल्या. पापड आधीही चांगले लाटता येत होते हो! वही नंतर शिकल्या, आणि त्या वहीवर एवढी मोठी संस्था उभी राहिली. सातातल्या एक, जसवंतीबेन पोपट, यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

इथून जवळच शीव हॉस्पिटल. १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. दूध देणारी आई असते, माया असते, सगळं असतं. पण कुणाचं दूध, तपासलं कधी, दिलं कुणाला ही नोंद नसेल तर ते दूध बाळाला पाजता येईल का? नोंद हा सेवेचाच भाग आहे.

असो. आम्ही काय केलं ते सांगतो. पीपीटी नाही, ट्रेनिंग नाही. रोजचं काम करता करताच.

पहिलं, एक गोष्ट एकाच ठिकाणी. 'देणगी_फायनल', 'देणगी_फायनल_नवीन', 'देणगी_काकू' अशा तीन फाईली होत्या. आता एकच. पावती फाडली की त्याच दिवशी पॅनसकट नोंद.

दुसरं, वर्षाचं कॅलेंडर. भिंतीवर, मोठ्या अक्षरात. ३१ मे लाल पेनाने.

तिसरं, नाही म्हणायला शिकणं. हे सगळ्यात अवघड. मागच्या महिन्यात एका गृहस्थांचा फोन आला, दहा हजार रोख देतो, पावत्या मागच्या तारखांच्या पाच करा. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तसं नाही करता येणार. चेकने द्या ना, आजच पावती पाठवते." फोन ठेवल्यावर हात थरथरत होते तिचे. काकूंनी काही न बोलता चहा सांगितला.

चौथं, लिहून काढणं. इथे गाडी अडली. मी काकूंना वही दिली, पुढच्या खेपेला कोरीच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. शेवटी काकू म्हणाल्या, "दादा, हे सगळं यात उतरवलं की माझं काय राहिलं इथे?"

मला उत्तर सुचलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे ना मोठा पगार, ना पद. जे होतं ते हेच, की काकूंशिवाय चालत नाही. आणि मी तेच काढून घ्यायला आलो होतो.

मार्ग त्या मुलीने काढला. "काकू, तुम्ही नका लिहू. तुम्ही सांगा, मी लिहिते. आणि वहीवर तुमचं नाव घालू." आता रोज जेवणानंतर अर्धा तास काकू बोलतात, ती लिहिते. साठ पानं झाली आहेत. त्यात बँकेची खिडकीसुद्धा आहे. शिवाय ट्रस्टींनी ठरवलंय की मार्चनंतर काकूंनी महिन्यातून दोन दिवस मानधनावर यायचं, शिकवायला. काकूंनी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही :-)

माझ्यासारख्या आयटीवाल्यांना अशा ठिकाणी गेलं की पहिली खाज येते ती ॲप बनवायची. कृपा करून बनवू नका. तुम्ही ऑनसाईटला गेलात की ते ॲप कोण सांभाळणार? एक्सेल नीट शिकवा, बॅकअप घ्यायला शिकवा, पासवर्ड दोघांकडे राहील असं बघा. हे एवढं कुणालाही जमतं.

सध्या आमच्याकडे पंधरा वर्षांची पत्रं जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसता कचरा दिसतो. ती युनिकोडमध्ये आणून एकेक वाचून तपासायची आहेत. कुणाला शनिवार मोकळा असेल तर या. चहा काकू सांगतील.