एका ‘एन’ची गोष्ट

दैवानं मला हिशेबनीस केलं होतं. संगणकतज्ज्ञ केलं ते आमच्या साहेबांनी. १९९५ साली आमच्या कारखान्याच्या कचेरीत युनिक्सवर चालणारा सर्व्हर आला. त्याची खोली थंडगार, आणि चपला बाहेर काढायच्या. साऱ्या कचेरीत बिनभोकाचे मोजे घालणारा मी एकटाच! तेव्हा त्या गाभाऱ्याचं पुजारीपण माझ्याकडे आलं.

वर्षभरानं मुख्य कचेरीनं आमच्याकडे एक जुना टेप ड्राइव्ह पाठवला. यंत्र असो की अधिकारी, तिथं चालेनासं झालं की ते आमच्याकडे बदलीवर येई. कॅसेट चांगली वीटभर. आत पाव इंच रुंदीची सहाशे वीस फूट फीत, आणि मावायचं किती, तर १५० मेगाबाइट! आज नातवाच्या बारशाचं दोन मिनिटांचं चित्रण केलं तरी मोबाइलमध्ये तेवढी जागा जाते.

हा पाहुणा सर्व्हरला जोडायला मला चार दिवस लागले. ‘स्कझी’ नावाच्या एकाच तारेवर सगळी यंत्रं ओळीनं जोडलेली, आणि प्रत्येकाला वेगळा नंबर हवा. आमच्या डिस्कचा नंबर तीन. ड्राइव्हच्या पाठीमागचा चिमुकला आकडाही कुणीतरी तीनवरच ठेवलेला. एका बर्थवर दोन रिझर्वेशनं! साहजिकच दोघांपैकी कुणालाच धड झोप नाही. तो चारवर नेला, तर ओळीच्या शेवटी लागणारं बूच बसवायचं राहिलेलं. ते नसलं की संदेश टोकाला आपटून परत येतात. अखेर चौथ्या दिवशी सर्व्हर सुरू होताना पडद्यावर अक्षरं उमटली – ‘एसटी शून्य’. टेपचं ते नाव वाचून मला स्टँडवर ताटकळल्यानंतर गाडी लागल्याचा आनंद झाला. ड्राइव्हला हळदकुंकू वाहिलं. नक्कल ‘टार’ नावाच्या आज्ञेनं घ्यायची, असं साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “डांबर कशाला हो?”

पुढे दर शुक्रवारी संध्याकाळी मी दोन आज्ञा द्यायचो. आधी रजांचा हिशेब, मग पगारपत्रक. टेप गुरगुरत पुढे जायची, काम झालं की सुर्रकन मागे यायची. मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवून कॅसेट गोदरेजच्या कपाटात ठेवायचो आणि किल्ली जानव्याला. वाचकहो, इतका कर्तव्यदक्ष माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

१९९७ च्या मे महिन्यात वीज गेली, खोली तापली आणि डिस्कनं मान टाकली. मी रुबाबात कपाट उघडलं. पगारपत्रक निघालं. रजा मात्र नाहीत! दुसरी कॅसेट, तिसरी कॅसेट… सगळीकडे पगारच पगार. टेप पुढेमागे करायच्या आज्ञेचं नाव ‘एमटी’. नाव अगदी सार्थ होतं.

घोटाळा एका अक्षराचा होता. टेपला हाक मारायची दोन नावं – ‘आरएसटी शून्य’ आणि ‘एनआरएसटी शून्य’. पहिल्या नावानं हाक मारली की प्रत्येक फेरीनंतर गाडी डेपोत परत. ‘एन’ लावला तर जिथं पोचली तिथंच थांबते. मी ‘एन’ लावला नव्हता. म्हणजे दर शुक्रवारी मी रजा गाडीत बसवून गाडी डेपोत आणत होतो आणि त्यांच्याच सीटवर पगाराला बसवत होतो!

जुनी रजिस्टरं आधुनिकतेच्या भरात रद्दीत गेली होती. आणि एकतीस मेला आमचे एक हेल्परमामा निवृत्त होत होते. शिल्लक रजांचे पैसे मिळणार, त्यावर मुलीचं लग्न ठरलेलं.

“मामा, तुमच्या रजा पुसल्या गेल्या,” मी खाली बघून म्हटलं.

“म्हणजे घेतल्याच नाहीत असं धरता का?”

“नाही हो. ऑडिटवाले सगळ्या घेतल्या असंच धरतील.”

मामा काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा पिशवी घेऊन आले. आत सुतळीनं बांधलेल्या गुंडाळ्या – तेरा वर्षांची कालनिर्णयं! दुधाचे खाडे, गॅसची तारीख आणि घेतलेली प्रत्येक रजा पेन्सिलीनं मांडलेली. ‘सासूबाई वारल्या – ४.’ ‘ताप – २.’ वाळवीनं शिल्लक ठेवलेल्या गेटवरच्या हजेरीपुस्तकांशी मी तीन रात्री ताळा घेतला. फरक पडला एका दिवसाचा, तोही मामांनी स्वतःविरुद्ध धरलेला. साहेबांनी सही केली. लग्नात मला मानाचं उपरणं मिळालं. ते खांद्यावर घेताना मान काही वर होईना.

घरी सगळं सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “लोणचं घालून दादरा बांधला की झालं का? मधूनमधून उघडून बघायला नको?”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला मी एक कॅसेट उघडून वाचून बघत असे. ‘एन’ही विसरलो नाही. शिवाय घरी कालनिर्णयावर पेन्सिलीनं सगळं लिहितो. ते पान उलटलं तरी आपण होऊन मागे जात नाही.