गृहीत धरलेली लिपी

पाठ निवडणे हा आम्हा मराठीच्या अध्यापकांचा नित्याचा व्यवसाय. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी स्वीकारायची, की त्याहून जुनी म्हणून राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली, हा वाद एम. ए.च्या वर्गात दरवर्षी निघतो. जुनी प्रत म्हणजे आपोआप अस्सल प्रत नव्हे, एवढे तरी त्यातून विद्यार्थ्यांच्या पदरी पडते. हाच प्रश्न जावा या संगणकभाषेच्या निमित्ताने आपल्यापुढे उभा राहील, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

निमित्त जात्यावरच्या ओव्यांचे. विभागातल्या विद्यार्थिनींनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्या युनिकोडमध्ये टंकित झाल्या होत्या. त्यांची शब्दसूची करणारा छोटा प्रोग्राम एका माजी विद्यार्थ्याने जावाच्या आठव्या आवृत्तीवर लिहून दिला होता. आता नव्या संगणकावर जावाचा विकाससंच, म्हणजे जेडीके, बसवायचा होता. २०१४ ची आवृत्ती ८, २०२१ ची १७, की २०२३ ची २१? तिन्ही दीर्घकाळ देखभाल होणाऱ्या. जाणकारांचा सल्ला एकच होता : चालते आहे ना, मग ८ च ठेवा.

सल्ला निराधार नव्हता. २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत जॅक्सबीसारखे काही घटक संचातून वगळले गेले, आणि गायिकांच्या नोंदी वाचण्यासाठी आमच्या प्रोग्रामला नेमका तोच लागे. तरीही एक गोष्ट खुपत होती. त्याच ओव्या माझ्या घरच्या संगणकावर नीट दिसत. महाविद्यालयातल्या संगणकावर मात्र देवनागरीच्या एकेका चिन्हाजागी तीन-तीन परकी चिन्हे उमटत आणि शब्दच तुटत. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. फाइल कोणत्या पद्धतीत आहे हे प्रोग्रामने सांगितले नसेल, तर जुन्या जावातल्या फाइल वाचण्याच्या अनेक सोयी त्या-त्या यंत्राची रूढ पद्धत गृहीत धरीत. ती पश्चिम युरोपीय असली, की तीन बाइटांची तीन अक्षरे होत. लेखनिकाच्या हातून नव्हे, तर यंत्राच्या गृहीतकातून जन्मलेला हा पाठभेद! या सूचीवर प्रबंध उभा करणाऱ्या मुलीने कोणती मोजणी खरी मानायची?

मार्च २०२२ मध्ये अठराव्या आवृत्तीने यूटीएफ-८ हेच सर्वत्र गृहीत ठरवले. माझ्या लेखी १७ आणि २१ यांमधली खरी सीमारेषा हीच. जुनी रीत आजही मिळते. पण ती मागून घ्यावी लागते. पूर्वी आपली ओळख देण्याचे ओझे देवनागरीवर होते. आता ते अपवाद हवा असणाऱ्यावर गेले आहे. तांत्रिक तपशिलात दडलेला हा बदल मला भाषाव्यवहाराच्या दृष्टीने लहान वाटत नाही.

आम्ही २१ घेतली. जॅक्सबी वेगळे जोडले, आणि हस्तलिखिताचा क्रमांक द्यावा तशी आवृत्तीची नोंद सूचीच्या प्रस्तावनेत केली. एक गोष्ट मात्र कोणतीच आवृत्ती मिटवत नाही. ओवी गाणारीच्या तोंडी 'क्षि' हे एकच अक्षर. जावाच्या हिशेबी ती चार चिन्हे : क, हलन्त, ष आणि वेलांटी. अक्षर कशाला म्हणायचे, हा निर्णय अजून आपल्याकडेच आहे, आणि तो तसा असण्यात काही वावगे नाही.