तीन गळ्यांचें यंत्र

विजेच्या नृत्यसंगीताचे कांहीं रचनाकार अद्यापि कमोडोर ६४ ला कां चिकटून राहतात, हें सर्वांस उमगत नाहीं. हें घरगुती संगणकयंत्र १९८२ सालीं अमेरिकेंत निघालें. त्यांतील ‘सिड’ ही ध्वनीची चीप रॉबर्ट यानेस यांनीं योजिली. तिला गळे तीनच. खरखराटाचे तुकडे पाडून ठेका, खालीं खर्ज, वर चाल, कीं झाली तोंडमिळवणी! मग स्वरमेळ कोठून आणावा? एकाच गळ्यांतून तीन स्वर इतक्या त्वरेनें आळीपाळीनें काढावयाचे कीं, ते एकत्र वाजल्याचा भास व्हावा. ती थरथर ही युक्ति खरी. पण आमच्या मतें गोडीहि तेथेंच आहे.

आरंभींच्या ६५८१ चिपांचा फिल्टर मात्र एकीसारखा दुसरीचा नसे. एकीवर बसविलेला खर्ज दुसरीवर घोगरा होतो. १९९९ सालीं स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीनें याच चिपा घालून सिडस्टेशन हें वाद्य काढिलें. चिपा मिळेनाशा झाल्या, वाद्यहि थांबलें. नकला आज पुष्कळ आहेत, स्वस्तहि आहेत, आणि आम्ही त्यांस नांवें ठेवीत नाहीं. परंतु जिच्या घोगरेपणावर एखादा नाच बेतला, ती चीप तापून मुकी झाली, तर तिची जागा कोणती नक्कल घेणार?